मीटरबाईंची मोजदाद

माझी वहिनी एकतीस वर्षं लोकांच्या घरी गेली आणि एकाही घरी पाणी प्यायली नाही. हे मी एवढं ठासून सांगते कारण ती स्वतः दर चार दिवसांनी सांगते. पाण्याचे मीटर वाचायचं तिचं काम. एका घरी पेलाभर पाणी घेतलं की दुसऱ्या घरी नाही म्हणता येत नाही, तिसऱ्या घरी बसावं लागतं, आणि चौथ्या घरी सुनेच्या तक्रारी ऐकून घ्याव्या लागतात. मग दिवसाचे एकशेवीस मीटर व्हायचे कधी, असं तिचं म्हणणं. म्हणून बाटली आपली आपल्या पिशवीत.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, वय बहात्तर झालं, तरी अख्खी गल्ली तिला अजून मीटरबाईच म्हणते.

मी तिची धाकटी नणंद, त्याच गल्लीत मुला-सुनेकडे राहणारी. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी अठराची आणि ती बावीसची होती. पन्नास वर्षं झाली, ती मला ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ म्हणते, मी तिला ‘अगं वहिनी’ म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा मान देते नणंदेला! तसं काही नाही. ‘वन्सं, तुम्ही जरा पिशवी धरता का’ असं ती म्हणाली की पिशवी धरायचीच असते. माझा भाऊ बिचारा हयातभर ती पिशवी धरून गेला. तो गेल्यावर ती माझ्या हातात आली.

पण कामात वहिनीचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. मीटरचे तीन आकडे बघून ती घरात काय चाललंय ते सांगायची. इथे बाळ आलंय. इथला मुलगा वसतिगृहात गेला. इथे नवरा-बायको बोलत नाहीत, दोघं आपापले कपडे वेगळे धुतात. एकदा तर जिन्यातच तिनं एका बाईला मुलीच्या लग्नाबद्दल विचारलं आणि बाईचे डोळे कपाळात गेले, कारण लग्न ठरल्याचं तिनं अजून सख्ख्या दिराला सांगितलं नव्हतं. एवढी पाहुण्यांची ये-जा एकाएकी कशाला होईल, हे वहिनीचं साधं गणित.

त्याच आकड्यांत तिला आणखी एक गोष्ट दिसत गेली. सुरुवातीला आमच्या गल्लीत घरटी महिन्याला पंधरा-सोळा युनिटं पाणी जायचं. मग बारा झालं, मग सात. शेवटच्या काही वर्षांत तिच्या वहीत एकाखाली एक तीन, तीन, तीन असे आकडे पडायला लागले. तीन युनिटं म्हणजे एक माणूस. एक अंघोळ, चार भांडी, आठवड्याचे कपडे. मुलं शिकली, कामधंद्याला लांब गेली, जोडीदार गेले, आणि गल्लीतली घरं तेवढीच राहून माणसं कमी झाली. हे मला कळायला फार वेळ लागला. तिच्या वहीला आधी कळलं होतं.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यानं घरी येणारी सिस्टर सुरू केली. सत्तरीच्या पुढचं आणि एकटं राहणारं माणूस असेल तर सिस्टर घरी येते, साखर बघते, रक्तदाब बघते, आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून देते, जखम असेल तर पट्टी बदलते. अट एकच. भागात अशी किमान साठ माणसं हवीत, नाहीतर सिस्टर दुसऱ्या भागाला जाणार.

साठ! मी तर म्हटलं, आमच्याकडे तेवढी नुसत्या आमच्या रस्त्याला मिळतील. पण या वर्षी नवी पाहणी झाली. चार तरणीताठी मुलं-मुली छातीशी टॅब धरून आली, दारोदार फिरली, आणि महिन्यानं दवाखान्याच्या फळ्यावर कागद लागला. भागातल्या सत्तरीपुढच्या एकट्या व्यक्ती बावीस. सबब, येत्या एक तारखेपासून गृहभेट बंद.

बावीस वाचून मी हसले. वहिनी हसली नाही. ती तडक जिना चढून तिसऱ्या मजल्यावर बाइंडरकडे गेली.

बाइंडर म्हणजे तिच्या वरच्या घरातला पुस्तकं बांधणारा. वय एकोणऐंशी. खोलीत शिरलं की खळीचा आंबट वास, भिंतीशी पुठ्ठ्यांच्या चळती, खिडकीखाली पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. तो प्रेस वर चढवायला त्या काळी सहा माणसं लागली होती. वाचनालयातून अजून त्याच्याकडे फाटकी पुस्तकं येतात, आणि तो ती उसवून, पानं लावून, पुन्हा शिवून देतो. माणूस तसा कमी बोलणारा. साखरेमुळे उजव्या पायाला चौदा महिन्यांपूर्वी जखम झाली, ती भरतेय पण अगदी मुंगीच्या पावलानं. आठवड्यातून दोनदा सिस्टर येते आणि पट्टी बदलते, म्हणून तो पाय आणि ते घर दोन्ही टिकलंय. तीन मजले उतरून दवाखान्यात जाणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

त्याचा एकुलता मुलगा अकरा वर्षं परगावी. वाईट नाही तो, फोन करतो. त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, “बाबा, सिस्टर बंद झाली तर मी ऐकणार नाही. शहराबाहेरच्या त्या वृद्धाश्रमात तुमचं नाव घातलंय. तिथे नर्स असते.” खोलीत एक खाट, एक कपाट. प्रेस न्यायचा प्रश्नच नाही. खळ शिजवायची म्हटलं तर मॅनेजर काय म्हणेल ते सांगायलाच नको.

म्हणजे साठ झाले तर बाइंडर आपल्या घरात, नाही झाले तर एक तारखेला सामान बांधायचं. एवढी सरळ गोष्ट होती.

वहिनी दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात गेली, अर्थात मला बरोबर घेऊन. तिथले साहेब चाळिशीचे, नीटनेटके, टेबलावर काचेखाली मुलीचा फोटो.

“आजी, पाहणी शास्त्रशुद्ध झालीये,” ते म्हणाले.

“शास्त्र शुद्धच असेल, साहेब. उत्तरं अशुद्ध आहेत,” वहिनी म्हणाली. “तुमच्याच खात्याचे पाण्याचे आकडे काढून बघा. या भागात तीन युनिटांची शंभरावर घरं आहेत. सगळ्यांनी अंघोळी सोडल्यात का?”

साहेबांनी खरंच कॉम्प्युटरवर आकडे काढले. मग म्हणाले, पाण्यावरून माणसं मोजता येत नाहीत, नियमात नाही. पण फेरमोजणी मागता येते, पंधरा दिवसांत. मोजणारी व्यक्ती स्थानिक, लिहिता-वाचता येणारी. माणूस जे सांगेल तेच लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. मोजणाऱ्यानं स्वतःचा किंवा नातलगाचा फॉर्म भरायचा नाही, तो तिसऱ्यानं भरायचा.

“म्हणजे मला खरं माहीत असलं तरी ते लिहायचं नाही?”

“नाही. त्यांनी सांगितलं पाहिजे.”

“मग सांगतील,” वहिनी म्हणाली, आणि जुन्या पाहणीचे छापून घेतलेले फॉर्म आणि कोरे फॉर्म, असे गठ्ठे माझ्या पिशवीत भरले.

माझं अक्षर बरं, चौतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसून कमावलेलं. म्हणून लिहिणार मी, विचारणार ती, असं ठरलं. ठरलं म्हणजे तिनं ठरवलं. गठ्ठेसुद्धा तिनंच वाटले. आमच्या गल्लीचे आणि मागच्या रस्त्याचे माझ्याकडे, तिच्या स्वतःच्या इमारतीचा तिच्याजवळ.

पहिलंच दार कोपऱ्यावरच्या तळमजल्यावरच्या बाईंचं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, वय एक्याऐंशी. दाराबाहेर पुरुषाच्या बुटांचा जोड, चकचकीत पॉलिश केलेला. जुन्या फॉर्मवर लिहिलेलं, राहणारे दोन, स्वतः आणि मुलगा.

“मुलगा कुठाय?” वहिनीनं विचारलं.

“कामाला गेलाय.”

“अनवाणी?”

बाईंनी पदरात तोंड लपवलं आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. हसता हसता म्हणाल्या, “अहो, रोज पॉलिश करते मी त्यांना. चोर आला तर त्याला वाटावं, घरात दांडगा माणूस आहे.”

“चोराला वाटू दे. मला काय वाटायला हवं?”

“त्या टॅबवाल्या मुलीनं विचारलं, घरी कोण कोण असतं? अनोळखी पोर, दारात उभी. एकटी आहे असं कसं सांगू?”

यात सगळं आलं. मुलांनी प्रश्न नीट विचारला होता, उत्तरही नीट लिहून घेतलं होतं. पण आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना दारात उभं राहून ‘मी एकटा आहे’ म्हणायची सवयच नाही. कुणी चोराच्या भीतीनं, कुणी मुलाला नावं ठेवतील म्हणून, कुणी नुसतीच खोड म्हणून, एकेक माणूस वाढवून सांगितलेलं. कागदावर आमचा भाग नुसता भरलेला होता. दूरदेशी गेलेले लेक, सासरी गेलेल्या लेकी, आणि एके ठिकाणी तर सहा वर्षांपूर्वी वारलेले यजमान, सगळे नांदत होते.

वहिनीनं मग आपली रीत काढली. ‘एकटे राहता का’ असं ती कुणालाच विचारायची नाही. आत जाऊन बसायची, बाटलीतून आपलं पाणी प्यायची आणि विचारायची, “सकाळी चहा किती कप टाकता?” माणसांच्या आकड्यात लोक खोटं बोलतात, चहाच्या आकड्यात बोलायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. “एकच कप टाकते,” असं तोंडातून गेलं की मग वहिनी शांतपणे म्हणायची, “मग घरात कोण कोण राहतं ते आता लिहून घेऊ का? फळ्यावर नाव लागत नाही, नुसता आकडा लागतो.” आणि बहुतेक जण सांगायचे. काही जण तर सांगायला लागले की थांबायचे नाहीत. मी फॉर्मच्या चार ओळी लिहून बसलेली आणि समोर एक रिटायर्ड ड्रायव्हर दीड तास बोलतोय, बायको गेल्यापासून भाजीवाल्याशिवाय कुणाशी बोललो नाही म्हणून. मला आत गलबलून आलं. वहिनीला पण आलं असणार, पण ती फक्त एवढंच म्हणाली, “सिस्टर टिकली तर दर मंगळवारी येईल. तिच्याशी एवढं बोलू नका, तिला पुढं जायचं असतं.”

एका घरी तर उलटंच. नवरा-बायको दोघं पंचाहत्तरीचे. बायको म्हणाली, “मला एकटी धरा हो. हे आहेत, पण पेपरात तोंड घालून असतात. असून नसल्यासारखेच.”

“पाणी दोघांचं जातंय बाई,” वहिनी म्हणाली. “नाही धरता येत.”

पेपराआडून आवाज आला, “तिचंच जातं जास्त.” तेवढं एक वाक्य बोलल्याबद्दल बाईंनी त्यांच्याकडे अशा कौतुकानं बघितलं की मी फॉर्मवर डाग पाडला.

दहाव्या दिवशी एकेचाळीस झाले. तेराव्या दिवशी अठ्ठावन्न. माझे गुडघे बोलायला लागले होते, सूनबाई रोज ‘आई, आता पुरे’ म्हणत होती. पण खरं सांगते, इतक्या वर्षांत एवढा उत्साह मला कधी आला नव्हता. जिने चढताना वहिनी पुढे आणि मी मागे, आणि लोक दार उघडून वाट बघत उभे.

“आता माझ्या इमारतीत बाइंडर राहिला,” वहिनी म्हणाली. “एकोणसाठ. साठावा कोण ते बघू.”

बाइंडरच्या जुन्या फॉर्मवरही दोनच होते, स्वतः आणि मुलगा. आता ज्या माणसाचं घर या मोजणीवर टांगलेलं, तो तरी खरं सांगेल, असं मला वाटलं. आम्ही गेलो तेव्हा तो खुर्चीत बसून एका जाड शब्दकोशाला टाके घालत होता, उजवा पाय समोरच्या स्टुलावर.

वहिनीनं रीतसर विचारलं, “सकाळी चहा किती कप टाकता?”

“दोन,” बाइंडर म्हणाला.

वहिनी जरा थबकली. “दुसरा कोण पितं?”

“मीच पितो. पण दुसरा म्हणून पितो.”

पन्नासहून जास्त घरांत चाललेली युक्ती इथं पार आपटली. वहिनीनं मग आडपडदा न ठेवता सांगितलं, “बाइंडर, मुलगा अकरा वर्षं इथं नाही. तुम्ही एवढं बोललात की सिस्टर राहील. नाही बोललात तर एक तारखेला तोच मुलगा तुम्हाला न्यायला येणार.”

“माहितीये.”

“मग?”

त्यानं सुई पुठ्ठ्यात टोचून ठेवली. “मीटरबाई, हिनं जाताना मला विचारलं होतं, घर रिकामं नाही ना पडणार? मी म्हटलं, नाही, तो आहे ना. आता तोंडानं काही म्हणायचं ते म्हणतो मी. पण कागदावर लिहून सही केली की ते खरंच होतं. मी आयुष्यभर कागदाचं काम केलंय. बांधून झालं की पान काढता येत नाही.”

मला इतका संताप आला. खुळा माणूस! पाय जाईल, घर जाईल, आणि हा बायकोला दिलेला शब्द सांभाळत बसलाय. मी बोलणारच होते, पण वहिनीनं माझा दंड धरला आणि आम्ही खाली आलो. खाली आल्यावर ती मुकाट्यानं भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती ती.

उद्या शेवटचा दिवस. मी उगाच तिच्या इमारतीचा गठ्ठा ओढून चाळायला घेतला. चार घरांचे चार कागद. पहिल्या मजल्यावरचं कुटुंब, बाइंडर, एक रिकामं घर, आणि चौथा वहिनीचा स्वतःचा. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, राहणारे दोन. स्वतः आणि नणंद.

मी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

“वहिनी, मी कधी राहायला आले गं तुझ्याकडे?”

तिचा हात थांबला. वळली नाही.

“साऱ्या गावाला खरं बोलायला लावलंस! त्या ऑपरेटरबाईंना ‘अनवाणी?’ म्हणून टोमणा मारलास! आणि इथं मला न विचारता माझा बिछानासुद्धा घातलास? माझ्या सुनेला कळलं तर तिला वाटेल मी घर सोडून निघाले!”

“ती टॅबवाली मुलगी दारात उभी होती,” वहिनी म्हणाली. “तोंडातून गेलं.”

“तुझ्या तोंडातून? तुझ्या?”

“माझ्याच.” ती हात पुसत वळली. माझ्या वहिनीला मी नवऱ्याच्या दुःखात पाहिलंय, मुलीला परदेशी पोचवताना पाहिलंय. असा चेहरा नव्हता पाहिला. पकडल्या गेलेल्या शाळकरी पोरीचा चेहरा. “वन्सं, मी सगळ्यांचे आकडे वाचले हो. माझा मीटर तळमजल्यावर आहे, येता-जाता दिसतो. हे गेल्यापासून मी त्याच्याकडे एकदा बघितलं नाही.”

आता रागावणार तरी कसं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. पन्नास वर्षांत आम्ही एकमेकींचा हात धरला असेल दोन-तीनदा, त्यातला हा एक. म्हटलं, “बरं, माझं नाव घातलंस ते घातलंस. दुसऱ्या कुणाचं घातलं असतंस तर मला जास्त राग आला असता.”

ती हसली. आणि मग तिच्या डोळ्यांत ते नेहमीचं आलं, पिशवी धरायला लावायच्या आधीचं.

“वन्सं, माझा फॉर्म कुणी भरायचा?”

“मी भरते की.”

“तुम्ही नातलग. नियमात नाही. तिसरं माणूस पाहिजे, लिहिता-वाचता येणारं.”

सकाळी दहा वाजता आम्ही पुन्हा बाइंडरच्या दारात. वहिनीनं कोरा फॉर्म त्याच्यापुढं टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं. “तुमचं काही विचारायला आले नाही. माझा फॉर्म भरून हवाय. आज शेवटचा दिवस आहे.”

बाइंडरनं कागद आधी बोटांनी चाचपला. जात बघितली असणार कागदाची. मग चष्मा लावला आणि सरळ बसून मोठ्यानं वाचायला लागला. “वय?”

“बहात्तर.”

“काम?”

“निवृत्त. मीटर वाचणे.”

“आजार?”

“रक्तदाब. आणि नणंद.”

“नणंद लिहू?”

“नको. बसलीये इथंच.”

“घरात सध्या कोण कोण राहतं?”

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टीं टीं ऐकू येत होतं. वहिनीनं तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, ही पण नाही सांगणार. बाइंडर पेन धरून थांबला, घाई केली नाही, दुसरीकडे बघितलंही नाही. शिवणीत दोरा ओवताना थांबतो तसा.

“मी,” ती म्हणाली. “एकटीच राहते. साडेसहा वर्षं.”

बाइंडरनं लिहिलं. सावकाश, टपोऱ्या अक्षरात. मग कागद तिच्याकडे फिरवला, तिनं सही केली. सही झाल्यावर ती खुर्चीत मागे टेकली आणि मोठा श्वास सोडला.

“काय होतं सही केल्यावर?” बाइंडरनं विचारलं. अगदी खरोखर विचारलं, माहीत नसल्यासारखं.

वहिनीनं जरा विचार केला. “काही नाही होत. कालच्याएवढीच एकटी आहे. फक्त आता लपवायचं काम कमी झालं.”

त्यानं सहीची शाई सुकली का ते बोटानं बघितलं. तिनं हे ठरवून केलं का, हे मी तिला नंतर चार वेळा विचारलं. चारही वेळा ती म्हणाली, नियम होता. काही असो. बाइंडरनं पेन उचललं आणि माझ्या हातात दिलं.

“लिहा. तुमचं अक्षर बरं आहे म्हणतात.”

मी लिहिलं. वय एकोणऐंशी. पुस्तक बांधणी, चालू. ‘चालू’ हा शब्द त्यानं दोनदा सांगितला. राहणारे, एक. सही करायच्या आधी त्यानं फक्त एवढं विचारलं, “मुलाला कळवतात का हे?”

“नाही,” वहिनी म्हणाली. “पण तुम्ही कळवा. त्याला बिचाऱ्याला अकरा वर्षं माहितीये.”

दुपारी तीनला साठ फॉर्म साहेबांच्या टेबलावर पडले. त्यांनी एकेक सही तपासली. पन्नासेक कागद झाल्यावर मान वर न करता म्हणाले, “आजी, माझी आईसुद्धा एकटी असते. दुसऱ्या भागात आहे. तिच्या फॉर्मवर मी राहतो असं लिहिलंय.”

“तिच्याकडे चहा प्यायला जा,” वहिनी म्हणाली. “आणि कप मोजा.”

एक तारखेला सिस्टर आली. नेहमीची नव्हती, तिला आधीच दुसऱ्या भागाला पाठवलं होतं, ही नवी होती. आम्ही जिन्यात उभ्या होतो, अगदी सहज, वर काय होतंय ते बघायला नव्हे. तिनं तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. आतून काठीचा आवाज आला, दार उघडलं. नवी पोरगी, हातातल्या कागदावर नजर ठेवून तिनं विचारलं, “काका, घरी कोण कोण असतं?”

वहिनीनं माझा हात घट्ट धरला.

“मी असतो,” बाइंडर म्हणाला. “या आत.”